पत्ता ह्यूस्टनचा, कारभार हॅरिस काउंटीचा

आमच्या घराच्या पत्त्यात ह्यूस्टन लिहिलेलं आहे, पण आम्ही ह्यूस्टन शहरात राहत नाही. ह्यूस्टनच्या महापौराच्या निवडणुकीत आम्हाला मत नाही आणि शहराचे पोलीस आमच्या गल्लीत गस्त घालत नाहीत. आम्ही राहतो ती वसाहत कुठल्याच नगरपालिकेच्या हद्दीत येत नाही, ती थेट हॅरिस काउंटीत मोडते. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. काउंटीत, पण कुठल्याही शहराबाहेर, असे राहणारे आम्ही सुमारे २० लाख लोक आहोत. वायव्येच्या सायप्रसकडच्या आणि पश्चिमेच्या केटीकडच्या वसाहतींत मराठी घरं बरीच आहेत. त्यातली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं इथे राहून, कर भरून, मुलं मोठी करूनही आपला कारभार नक्की कोण हाकतं हे सांगू शकत नाहीत. मला या गोष्टीची मनापासून काळजी वाटते, म्हणून हा लेख.

आधी आवाका सांगते. २०२० च्या जनगणनेत हॅरिस काउंटीची लोकसंख्या ४७ लाख ३१ हजार भरली. अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि शिकागोची कुक या दोनच काउंट्या हिच्याहून मोठ्या. क्षेत्रफळ साधारण ४,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे पालघर वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्यापेक्षा थोडं जास्त. या सगळ्याचा कारभार पाच माणसं बघतात. चार कमिशनर आणि त्यांचा प्रमुख असलेला काउंटी जज. हा जज इतक्या मोठ्या काउंटीत न्यायदान करत नाही, बजेट मांडतो आणि वादळ आलं की आपत्कालीन यंत्रणा हलवतो. एकेका कमिशनरच्या वाट्याला जवळपास १२ लाख लोक येतात, गोव्याच्या लोकसंख्येहून थोडे कमी. रस्ते, उद्यानं, तुरुंग, सरकारी दवाखाने, पूरनियंत्रण, सगळं यांच्याकडे. आणि तरीही टेक्सासमध्ये काउंटीला स्वतःचे नियम करण्याचा अधिकार जवळजवळ नाही. राज्याचं विधिमंडळ जेवढं करू देईल तेवढंच करायचं.

काउंटी कशी चालते हे बघायचं असेल तर प्रॉपर्टी टॅक्सची बिलं घेऊन बसावं. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे गावगाड्याचा सगळा भार घरावर. डिसेंबर सरता सरता बिलं येतात आणि ३१ जानेवारीच्या आत भरायची असतात. एका घरासाठी एकाच ठिकाणी कर जात नाही. काउंटीचा वेगळा, पूरनियंत्रण विभागाचा वेगळा, बंदराचा वेगळा, सरकारी इस्पितळांचा वेगळा. शिवाय शाळांचा, आणि तो सगळ्यांत जड. कम्युनिटी कॉलेजचा, आग-अँब्युलन्स सेवेचा, आणि शेवटी मड. मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. बिल्डरने माळरानावर घरं बांधताना पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या टाकायला रोखे काढून कर्ज उभारलेलं असतं, ते आम्ही रहिवासी वर्षानुवर्षं फेडतो. बहुतेक ओळींमागे निवडून आलेलं एखादं मंडळ आहे, म्हणजे त्या मंडळाची निवडणूकही आहे. आमच्या मडच्या संचालकांची निवडणूक कधी झाली असं शेजाऱ्यांना विचारलं तर बहुतेक जण माझ्याकडे बघत राहतात.

आता माणसं. १९६० साली या काउंटीत साडेबारा लाखांच्या आसपास लोक होते आणि दर चारांतले तीन गोरे होते. उरलेल्यांत बहुतांश कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक थोडेच. २०२० मध्ये हिस्पॅनिक ४३ टक्के, गोरे २८ टक्क्यांच्या आसपास, कृष्णवर्णीय सुमारे १९ आणि आशियाई ७ टक्क्यांहून थोडे जास्त. कोणालाच बहुमत नाही. राइस विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ स्टीफन क्लाइनबर्ग यांनी १९८२ पासून दरवर्षी या भागातल्या लोकांचं सर्वेक्षण चालवलं. ह्यूस्टनमध्ये आज जे दिसतं ते उद्या अमेरिकेत दिसेल, हे त्यांचं म्हणणं इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

हा बदल कसा झाला याची गोष्ट आकड्यांपेक्षा रस्त्यांवर जास्त चांगली कळते. १९७० च्या दशकात तेलाचे भाव चढले तेव्हा कामासाठी देशभरातून तरुण इथे येत होते. त्यांच्यासाठी नैर्ऋत्येच्या गल्फ्टन भागात पोहण्याचे तलाव असलेली अपार्टमेंटं धडाधड उभी राहिली. १९८० च्या दशकात भाव कोसळले, तरुण निघून गेले आणि खोल्या ओस पडल्या. मालकांनी भाडी उतरवली. त्याच सुमारास एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या यादवी युद्धांतून जीव वाचवून आलेली कुटुंबं त्या खोल्यांत शिरली. तेलाच्या मंदीने एका भागाची लोकसंख्या बदलून टाकली, कुठलंही धोरण न ठरवता. पलीकडे बेलेअर बुलेव्हार्डवर सायगाव पडल्यानंतर आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांनी दुकानं काढली, तिथे आज रस्त्यांच्या पाट्यांवर चिनी आणि व्हिएतनामी लिपी आहे. हिलक्रॉफ्टवर साड्यांची आणि किराण्याची दुकानं एवढी झाली की २०१० मध्ये त्या भागाला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट असं नाव मिळालं. कोथिंबीर-कढीपत्त्यासाठी जुनी मराठी मंडळी तिथेच जायची, आता उपनगरात सगळं मिळतं.

आपली माणसं १९६५ मध्ये इमिग्रेशन कायदा बदलल्यावर येऊ लागली. पेट्रोकेमिकल कारखाने, नासाचं केंद्र, टेक्सास मेडिकल सेंटर, अशी तीन मोठी दारं. पुढे सॉफ्टवेअरचं चौथं उघडलं. भारतीयांची सगळ्यांत दाट वस्ती शुगर लँडच्या बाजूला, म्हणजे शेजारच्या फोर्ट बेंड काउंटीत आहे. त्यामुळे हॅरिसमधल्या भारतीयांचं राजकीय वजन तसं विखुरलेलं. हे पुसटसं वाटलं तरी महत्त्वाचं आहे, कारण इथे हद्दीची रेषा कुठून जाते यावर पुष्कळ काही ठरतं.

बार्बरा जॉर्डन यांचं उदाहरण मला सारखं आठवतं. ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डात वाढलेल्या या कृष्णवर्णीय वकील बाई १९६२ आणि १९६४ मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी उभ्या राहिल्या आणि दोन्ही वेळा हरल्या. तेव्हा आमदार अख्ख्या काउंटीतून निवडून यायचे, आणि काउंटीत गोऱ्या मतदारांचं बहुमत होतं. मग सर्वोच्च न्यायालयाने मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणात आखायला लावले, नव्या रेषा पडल्या आणि १९६६ मध्ये त्याच बाई राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या. १८८३ नंतर टेक्सासच्या सिनेटमध्ये पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती आणि तिथली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९७२ मध्ये त्या वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. बाई त्याच, मतदारही तेच. रेषा तेवढ्या बदलल्या होत्या.

२००४ मध्ये आणखी एक झालं. विधिमंडळाच्या अर्थसमितीचे अध्यक्ष असलेले, वीसेक वर्षं आमदार असलेले टॅलमेज हेफ्लिन पश्चिम ह्यूस्टनमध्ये ह्यूबर्ट व्हो या व्हिएतनामी निर्वासिताकडून हरले. फरक पन्नास मतांचाही नव्हता. त्या मतदारसंघात माणसं कधीच बदलली होती. मतदार बदलायला पुढची कित्येक वर्षं लागली.

मला जे सांगायचंय ते हेच आहे. या काउंटीत राहणारी माणसं आणि या काउंटीचं ठरवणारी माणसं हे दोन वेगवेगळे जमाव आहेत, आणि इथलं राजकारण त्या दोघांमधल्या अंतरात चालतं. जनगणना सगळ्यांना मोजते. तान्हं मूल, एच-वन-बीवर आलेला इंजिनिअर, कागदपत्रं नसलेला छपराचा कामगार, सगळे मोजले जातात आणि त्या आकड्यांवर मतदारसंघ आखले जातात. मत देणारे मात्र त्यातले थोडे. इथल्या १८ वर्षांखालच्या मुलांत साधारण निम्मी हिस्पॅनिक आहेत, साठीच्या पुढच्यांत गोऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि साठीच्या पुढचे लोक नेमाने मतदान करतात. २०२० मध्ये अध्यक्षपदासाठी विक्रमी मतदान झालं तरी मतं पडली साडेसोळा लाखांच्या आसपास. म्हणजे दर तीन रहिवाशांमागे एक.

पक्षांचं चित्र बघितलं तर आधी सरळ वाटतं. २०१२ मध्ये ओबामांनी ही काउंटी जेमतेम हजारभर मतांनी जिंकली, जवळपास १२ लाख मतांपैकी. चार वर्षांनी हिलरी क्लिंटन यांची आघाडी १ लाख ६० हजारांच्या वर गेली, २०२० मध्ये बायडन यांची २ लाखांच्या वर. लोकसंख्या बदलली, काउंटी निळी म्हणजे डेमोक्रॅट झाली, संपलं, असं पुष्कळांनी लिहिलं. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांची आघाडी घसरून साडेपाच टक्क्यांच्या आसपास आली. हिस्पॅनिक वस्त्यांत ट्रम्प यांची मतं वाढली होती. त्यात नवल नव्हतं. मेक्सिकोहून तीन पिढ्यांपूर्वी आलेलं कुटुंब, होंडुरासहून काल आलेला गवंडी आणि व्हेनेझुएलातून समाजवादी राजवटीला कंटाळून आलेला तेल-अभियंता, या सगळ्यांचं एकच मत असेल असं धरून चालणं हा त्यांचा अपमान आहे. जनगणनेचा एक रकाना म्हणजे एक विचार नव्हे. आपल्याकडे जातीची बेरीज करून निकाल सांगणाऱ्यांना मी नेहमी हेच म्हणते.

काउंटीच्या कारभारातला खरा बदल २०१८ मध्ये झाला. एड एमेट हे रिपब्लिकन काउंटी जज ११ वर्षं पदावर होते. २०१७ च्या हार्वी वादळात त्यांनी केलेल्या कामाची विरोधकही स्तुती करायचे. त्यांना लीना हिडाल्गो या २७ वर्षांच्या डेमोक्रॅट तरुणीने सुमारे १९ हजार मतांनी हरवलं. कोलंबियात जन्मलेली, आधी कुठलंही पद न भूषवलेली मुलगी. तेव्हा टेक्सासमध्ये एकच खूण करून एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता यायचं, आणि वर अमेरिकी सिनेटचे डेमोक्रॅट उमेदवार बेटो ओरूर्क यांनी काउंटीत २ लाखांच्या आसपास आघाडी घेतली होती. ती लाट खालपर्यंत गेली. त्याच दिवशी काउंटीच्या न्यायालयांत १७ कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायाधीश म्हणून निवडून आल्या. पुढच्याच वर्षी किरकोळ गुन्ह्यांतल्या आरोपींना केवळ जामिनाचे पैसे नाहीत म्हणून तुरुंगात डांबण्याच्या जुन्या पद्धतीवरच्या खटल्यात काउंटीने तडजोड केली. मतपेटीतून तुरुंगाच्या कोठडीपर्यंत इतका सरळ रस्ता मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पण इथे एक खुंटी आहे. कर वाढवायचा ठराव असेल तर पाचांपैकी चार जण हजर असावे लागतात. २०१९ मध्ये दोन्ही रिपब्लिकन कमिशनर बैठकीला आलेच नाहीत आणि ठराव बारगळला. २०२२ मध्येही कित्येक आठवडे तेच झालं. त्यांचं म्हणणं करदात्याचं रक्षण, बहुमताचं म्हणणं कारभाराची कोंडी. मला वाटतं, मुद्दा मांडून हरणं आणि खुर्ची रिकामी ठेवून जिंकणं यांत फरक असतो, आणि मी पहिल्या गोष्टीच्या बाजूची आहे.

दुसरी खुंटी ऑस्टिनमध्ये, राज्याच्या राजधानीत. २०२० मध्ये करोना असताना काउंटीने रात्रभर चालणारी मतदान केंद्रं उघडली, गाडीत बसून मत द्यायची सोय केली. रात्रपाळीच्या नर्स आणि रिफायनरीतले कामगार मध्यरात्री मत देऊन गेले. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा करून दोन्ही बंद केलं. २०२२ मध्ये काही केंद्रांवर मतपत्रिकेचा कागद कमी पडला, हरलेल्या उमेदवारांनी वीसेक खटले भरले. मग २०२३ मध्ये विधिमंडळाने ३५ लाखांहून जास्त वस्तीच्या काउंटीला लागू होईल असा कायदा करून नेमलेला निवडणूक अधिकारी हे पदच काढून टाकलं. तेवढ्या वस्तीची टेक्सासमध्ये एकच काउंटी आहे. कागद कमी पडणं ही चूक गंभीरच होती आणि काउंटीला त्याचा जाब द्यायला लावणंही योग्य. पण एकाच काउंटीला बसेल असा कायदा बेतणं हे मला पटत नाही.

हे सगळं कोरडं वाटत असेल तर पाण्याकडे या. पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर असे दोन जलाशय आहेत, १९४० च्या दशकात बांधलेले. एरवी ते कोरडेच असतात, आत मैदानं आणि सायकलच्या वाटा आहेत. सरकारने धरणाच्या भिंतीमागची सगळी जमीन विकत घेतली नव्हती. पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पसरेल त्यातली बरीच जमीन खासगीच राहिली आणि पुढे तिथे वसाहती झाल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी आलं. चार दिवसांत काउंटीवर एक लाख कोटी गॅलनहून जास्त पाणी पडलं. जलाशयाच्या आतल्या घरांत पाणी मागून चढलं, आणि दरवाजे उघडल्यावर खालच्या बफेलो बायू या संथ नदीच्या काठची घरं बुडाली. पहिल्या गटातल्या पुष्कळांना आपण जलाशयात राहतो हेच माहीत नव्हतं. दोन वर्षांनी सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा इथल्या मराठी घरांत फोनवर तेच प्रश्न चालले होते. धरणातून पाणी कधी सोडलं, कोणी सोडलं, कोणाला विचारून सोडलं.

हार्वीच्या पहिल्या वर्षदिनी, २५ ऑगस्ट २०१८ रोजी, पूरनियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलरच्या रोख्यांवर मतदान झालं आणि ८५ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. पैसा आला, आणि आधी कुठे खर्चायचा हा प्रश्न उभा राहिला. केंद्र सरकारच्या जुन्या हिशेबात वाचणाऱ्या मालमत्तेची किंमत मोजतात. महाग घरांच्या वस्तीत फायद्याचा आकडा आपोआप मोठा दिसतो, आणि ईशान्येच्या गरीब कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक वस्त्या, जिथे उघड्या चऱ्यांतून पाणी वाहतं, मागे पडतात. २०१९ मध्ये काउंटीने कामांचा क्रम लावताना वस्तीची हलाखीही गुणांत धरायचं ठरवलं. यावरून केवढं वादंग झालं! माझ्या ओळखीतले चांगले शिकलेले लोक म्हणाले, कर आमचा आणि कामं त्यांची. मी त्या वस्त्यांतून फिरले आहे. एका पावसात गुडघाभर पाणी साचणाऱ्या घरात राहणाऱ्या म्हातारीला पुन्हा उभं राहायला जितकी वर्षं लागतात, तितके महिनेही विमा असलेल्या माणसाला लागत नाहीत. गुणांची ती पद्धत मला न्याय्य वाटते.

पुढे २०२१ मध्ये राज्याच्या भूमी कार्यालयाने केंद्राकडून आलेल्या पूरप्रतिबंधाच्या निधीतले पहिले एक अब्ज डॉलर वाटले, तेव्हा ह्यूस्टन शहराला आणि हॅरिस काउंटीला मिळून मिळाले शून्य. दोन्ही पक्षांचे लोक खवळले, मग काउंटीला ७५ कोटी डॉलर द्यायचं ठरलं. २०२२ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने त्या वाटपाच्या निकषांत भेदभाव होता असा निष्कर्ष काढला. लोकसंख्येचे रकाने, मतदारसंघाच्या रेषा आणि घरात शिरणारं पाणी एकमेकांशी कसे जोडलेले असतात, हे मला याच प्रकरणातून नीट उमगलं.

आमच्या परिचयात मूळचे सांगलीचे एक काका आहेत. पेट्रोकेमिकल कंपनीत आयुष्य काढलं, आता निवृत्त. दर निवडणुकीआधी ते जेवणाच्या टेबलावर नमुना मतपत्रिका छापून पसरतात. टेक्सासमध्ये न्यायाधीशही पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात, त्यामुळे मतपत्रिका संपता संपत नाही. सिव्हिल, क्रिमिनल, फॅमिली, मृत्युपत्रांचं प्रोबेट, एकामागून एक कोर्ट. मतदान केंद्रात फोन वापरता येत नाही, पण कागद नेता येतो. काका प्रत्येक नावासमोर पेन्सिलीने बारीक खूण करतात. वकिलांनी न्यायाधीशांबद्दल दिलेली मतं वाचतात, वर्तमानपत्राची शिफारस बघतात, पटली नाही तर खोडतात. काकू म्हणतात, “अहो, परीक्षा आहे का ही?” काका म्हणतात, “आपलं कोणी कोर्टात उभं राहिलं की परीक्षाच असते.” वरच्या दोन-तीन नावांना मत देऊन घरी येणारे आपल्यात खूप आहेत. एकच खूण करून सगळं उरकायची सोय २०२० पासून बंद झाली, तेव्हापासून तर खालचे रकाने कोरेच राहतात. हिडाल्गो २०२२ मध्ये पुन्हा निवडून आल्या त्या सुमारे १८ हजार मतांनी, ११ लाखांपैकी.

मी स्वतः नागरिक झाल्यावर काउंटीकडून मतदार नोंदणीची स्वयंसेवक म्हणून नेमणूक घेतली. ड्रायव्हिंग लायसन्सचं ऑनलाइन नूतनीकरण करतानाची सोय सोडली तर टेक्सासमध्ये नवी नोंदणी ऑनलाइन करता येत नाही. कागदी अर्ज, शाईची सही, आणि मतदानाच्या ३० दिवस आधी तो दिलेला किंवा पोस्टात टाकलेला हवा. गणपतीत किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात मी कोपऱ्यात टेबल मांडते. निम्मे लोक म्हणतात, आमचं ग्रीन कार्डच अडकलंय. त्यांच्यापुढे मला काही बोलता येत नाही. जनगणनेत ते मोजले गेले, त्यांच्या डोक्यावर मतदारसंघ आखला गेला, कर ते भरतात, आणि रांग पुढे सरकत नाही. त्यांना मी एवढंच सांगते, की कमिशनरांच्या बैठकीत बोलायला मतदार असावं लागत नाही. नाव नोंदवायचं, डाउनटाउनला प्रेस्टन स्ट्रीटवर जायचं आणि आपल्या वसाहतीतला नाला दोन मिनिटांत मांडायचा. काही जण खरोखर गेले आहेत.

उरलेल्या निम्म्यांत हल्ली इथे जन्मलेली मुलं असतात, नुकतीच अठरा झालेली, लेझीमचा कार्यक्रम संपवून नऊवारीतच आलेल्या मुलीसुद्धा. परवा त्यांच्यातल्या एकीने अर्जावरच्या काउंटीच्या रकान्यात ह्यूस्टन लिहिलं. मी म्हटलं, तिथे हॅरिस लिही. तिने विचारलं, “व्हाय, व्हॉट डू दे डू?” मागे रांग होती, पण मी तिला खुर्ची दिली आणि मडपासून सुरुवात केली.